बँडगॅप सिम्युलेशनमध्ये चालतो, चिपवर मात्र कधी कधी उठतच नाही

बँडगॅप म्हणजे तापमान किंवा सप्लाय बदलला तरी जागचं न हलणारं व्होल्टेज, म्हणजे रेफरन्स, देणारं सर्किट. त्याची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "टेपआउटच्या (डिझाइन फॅबला पाठवण्याच्या) आधी सगळे कॉर्नर (प्रोसेस, सप्लाय, तापमानाची टोकं) पास होते. चिप आली, आणि काही नगांचा रेफरन्स शून्यावर बसून राहतो. सप्लाय काढून परत दिला की कधी चालतो, कधी नाही. प्रोब टेकवला की चालू होतो." नंतर हळूच एक वाक्य येतं: "फॅब्रिकेशनमध्येच काहीतरी गडबड असेल ना?"

शक्यता कमी. फॅबची चूक असती तर आउटपुट दरवेळी सारखंच चुकलं असतं. कधी चालतो, कधी नाही, म्हणजे सर्किटला बसायला एकापेक्षा जास्त जागा आहेत, आणि तुमचं सिम्युलेशन त्यातली एकच जागा पाहून परत आलंय. स्काय१३० सारखे खुले पीडीके (एखाद्या प्रोसेसची मॉडेलं आणि डिझाइन नियम) २०२० पासून मिळू लागल्यावर कॉलेजातली पोरंही स्वतःचा बँडगॅप टेपआउट करू लागली, आणि हा प्रश्न कंपन्यांबाहेरही तितकाच ऐकू येऊ लागला.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक सर्किट धरू. साधा सीमॉस बँडगॅप, वर पीमॉस मिररच्या (एकच करंट सगळीकडे सारखा उतरवणाऱ्या जोडणीच्या) तीन सारख्या शाखा. पहिल्या शाखेत एक पीएनपी (बायपोलर ट्रान्झिस्टर), डायोडसारखा जोडलेला; त्याच्या वरचा नोड 'अ'. दुसऱ्या शाखेत रेझिस्टर आर१ आणि त्याखाली तसेच आठ पीएनपी समांतर. वरचा नोड 'ब'. ऑपअँप अ आणि ब समान ठेवतो आणि मिररचं गेट चालवतो. तिसऱ्या शाखेत आर२ आणि एक पीएनपी, तिथून आउटपुट.

खोलीच्या तापमानाला केटी भागिले क्यू (थर्मल व्होल्टेज) सुमारे २५.९ मिलिव्होल्ट. आठचा नैसर्गिक लॉगॅरिदम २.०८. म्हणजे आर१ वर पडणारं व्होल्टेज जवळपास ५४ मिलिव्होल्ट. शाखेत ५ मायक्रोअँप हवा असेल तर आर१ १०.८ किलोओहम. व्हीबीई (पीएनपीच्या बेस-एमिटरमधलं व्होल्टेज) दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट घसरतं, आणि हे ५४ मिलिव्होल्ट दर अंशाला ०.१८ ने वाढतात, म्हणून ते अकरापट करायचे: आर२ १२० किलोओहम. व्हीबीईचे ०.६५ अधिक आर२ वरचे ०.६, झाले १.२५ व्होल्ट. विडलर, कायक, ब्रोकॉ यांनी १९७१ ते १९७४ या काळात जे मांडलं त्याचा गाभा इतकाच आहे, आणि तो चुकत नाही. चुकतं ते त्या गाभ्यापर्यंत पोचणं.

पहिली पाच मिनिटं मीटरसाठी

रेफरन्सचं आउटपुट बफरशिवाय थेट पॅडवर आणलं असेल तर तिथला रोध साधारण १२५ किलोओहम आहे. १० मेगाओहमचा मल्टिमीटर लावला की १५ मिलिव्होल्ट तिथेच गायब. एक्स-१ वर ठेवलेला ऑसिलोस्कोपचा प्रोब १ मेगाओहमचा असतो. तो लावला तर १.२५ ऐवजी १.११ दिसेल, आणि तुम्ही दोन दिवस रेझिस्टर मॅचिंगवर वाद घालाल.

दुसरं, बोर्डावर कुणीतरी सवयीने १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकलेला असतो. १२५ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड, टाइम कॉन्स्टंट १२५ मिलिसेकंद. हजारात एक इतक्या अचूकतेपर्यंत पोचायला सातपट वेळ धरा, म्हणजे जवळपास ०.९ सेकंद. टेस्ट प्रोग्रॅम ५ मिलिसेकंद थांबून 'फेल' लिहून मोकळा होतो. हा रेफरन्स बंद नाही, सावकाश आहे. कपॅसिटर काढून एकदा बघा.

हे दोन्ही नसेल तर आउटपुटवर नेमकं काय दिसतंय ते लिहून काढा. ठार शून्य (किंवा काही मिलिव्होल्ट) दिसतंय, मधलाच कुठला तरी आकडा दिसतोय, की आकडा बरोबर आहे पण गरम केल्यावर वाकतोय? तिन्ही दुखणी एकाच स्टार्टअप सर्किटची (बँडगॅपला शून्यावरून ढकलून उठवणाऱ्या छोट्या भागाची) असतात, पण उपाय वेगळे. सप्लायच्या जवळ चिकटलेला असेल तर बहुधा ऑपअँपची इनपुट उलटी जोडली आहेत: पीमॉस मिररमध्ये ब नोड, म्हणजे आर१ वाला, प्लस इनपुटला जायला हवा. उलट झालं की धन फीडबॅक ऋण फीडबॅकवर मात करतो. ते स्कीमॅटिक बघून एका नजरेत कळतं, त्यावर आणखी लिहीत नाही.

ठार शून्य

बँडगॅप स्वतःच्या करंटवर स्वतः जगतो. करंट असेल तर अ आणि ब वर व्होल्टेज असेल, ते असेल तर ऑपअँप गेट योग्य जागी धरेल, गेट योग्य जागी असेल तर करंट असेल. आता करंट शून्य घ्या. अ शून्य, ब शून्य, दोन्ही समान. ऑपअँपच्या दृष्टीने काम फत्ते. विहिरीवरच्या पंपासारखं आहे: आत पाणी भरलेलं असेल तरच तो पाणी उचलतो, नाहीतर मोटर गरगरत राहते आणि पाइपातून थेंब येत नाही.

शिवाय ऑपअँपचा टेल करंट (त्याला जिवंत ठेवणारा बायस) बहुतेकांनी याच मिररमधून घेतलेला असतो. मग शून्यावर ऑपअँपही मेलेला. एनमॉस इनपुट जोडी असेल तर इनपुट ० व्होल्टवर असताना ती जोडीही बंद. मिररचं गेट तेव्हा कुणाच्याच ताब्यात नसतं. कुठला लीकेज जास्त यावर ते वर जाईल की खाली हे ठरतं.

ऑपअँपला वेगळा बायस दिलाय, तो जिवंत आहे, असं समजू. तेव्हा निकाल ऑफसेटच्या (ऑपअँपच्या दोन इनपुटांमधल्या जन्मजात फरकाच्या) हातात जातो. ऑफसेटमुळे ऑपअँपला ब हा अ पेक्षा वर वाटला तर तो गेट वर ढकलतो, पीमॉस आणखी बंद होतात, चिप शून्यावरच राहते. ऑफसेट उलट दिशेचा असेल तर चिप स्टार्टअपशिवायही आपणहून उठते. ऑफसेटची दिशा नगानगाला वेगळी, म्हणून एकाच वेफरवरची शेजारशेजारची दोन नगं वेगळी वागतात. 'काही चालतात, काही नाही' याचं मूळ बहुतेक वेळा हे असतं.

तपासायची एक सोपी युक्ती. डाय उघडी असेल, प्रोब स्टेशनवर मायक्रोस्कोपखाली असेल, तर मायक्रोस्कोपचा दिवा घालवा आणि मग सप्लाय द्या. प्रकाश जंक्शनवर पडला की फोटोकरंट वाहतो, आणि शून्यावरून उठवायला तेवढा चिमूटभर करंट पुरतो. उजेडात सगळ्या नगांचा रेफरन्स चालतो आणि काळ्या पॅकेजमध्ये घातला की काहींचा बंद पडतो, असं दिसलं तर पॅकेजिंगवाल्यांशी भांडू नका, स्टार्टअप उघडा.

सिम्युलेटर गप्प का बसला

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण दुरुस्ती केली तरी ती खरी आहे की नाही हे याच सिम्युलेटरला विचारायचंय.

डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढताना सिम्युलेटर समीकरणं सोडवतो. सर्किट तिथवर पोचलं कसं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तीन उत्तरं असतील तर जे आधी हाताला लागेल ते देतो. बहुतेकदा आपल्याला हवं तेच देतो, आणि आपण खूश होतो. तापमानाचा सुंदर घुमटाकार आलेख हा डीसी स्वीप असतो. त्यात एका बिंदूचं उत्तर पुढच्या बिंदूची सुरुवात म्हणून वापरलं जातं, म्हणून एकदा बरोबर फांदीवर बसला की शेवटपर्यंत तिथेच. त्या आलेखातून स्टार्टअपबद्दल काहीही कळत नाही.

त्यात जीमिन. स्पाइस घराण्यातले सिम्युलेटर प्रत्येक जंक्शनला एक छोटा कंडक्टन्स जोडतात, नेहमीची किंमत दहाचा उणे बारावा घात सीमेन्स. व्होल्टभर असेल तर तो एक पिकोअँप होतो. बंद पडलेल्या हाय-इम्पीडन्स गेटवर वेळ दिला तर तेवढं पुरतं, आणि खऱ्या सिलिकॉनवर तो करंट नसतो.

ट्रान्झियंट लावला तरी सुटका नाही. सवयीने आपण सप्लाय १० नॅनोसेकंदात वर आणतो. इतक्या वेगाने चढताना परजीवी कपॅसिटन्समधून सगळे नोड हलतात, तो धक्काच सर्किटला उठवतो. प्रत्यक्षात बॅटरी लावताना किंवा बल्क कपॅसिटर भरताना सप्लाय मिलिसेकंदांत चढतो, सौरपॅनेलवर चालणाऱ्या उपकरणात त्याहूनही सावकाश. म्हणून रॅम्प १० मायक्रोसेकंद, १ मिलिसेकंद, १०० मिलिसेकंद, १ सेकंद, सगळे चालवा. एक सेकंदाचा रॅम्प कंटाळवाणा आहे, पण स्लो-स्लो कॉर्नर (एनमॉस, पीमॉस दोन्ही मंद) आणि उणे ४० अंशांवर तो एकच चालवला तरी पुष्कळ कळतं.

याहून कडक चाचणी अशी. सप्लाय पूर्ण चढलेला, पण सर्किट मेलेलं, अशा अवस्थेतून सुरुवात करायची. मिररच्या गेटला प्रारंभिक अट म्हणून व्हीडीडी (पूर्ण सप्लाय), अ आणि ब ला शून्य, स्टार्टअपमधल्या कपॅसिटरला 'काम झालं' म्हणणारं व्होल्टेज, आणि ट्रान्झियंट डीसी उत्तर न काढता थेट तिथून सोडायचा. एनजीस्पाइसमध्ये आयसी आणि यूआयसी वापरून हे दहा मिनिटांत होतं. सप्लाय दिल्यावर उठतो का, हा प्रश्न थोडा सोपा आहे. वाईटात वाईट जागी कोंबलं तरी बाहेर येतो का, हे विचारा.

आणि ऑपअँपच्या इनपुटला सिरीजमध्ये एक ऑफसेट सोर्स टाका, अधिक आणि उणे दोन्ही दिशांना, तुमच्या मॉन्टे कार्लोच्या (नगानगातला फरक धरून केलेल्या सिम्युलेशनच्या) तीन सिग्माइतका. ५ ते १० मिलिव्होल्ट टाकून बघायला हरकत नाही. आदर्श, ऑफसेटशून्य ऑपअँप चुकीच्या जागेतून हळूहळू का होईना सरकत बाहेर येतो. खरा ऑपअँप, ऑफसेट वाईट दिशेचा असेल तर, येत नाही.

मधलाच आकडा: इथे खरी गंमत आहे

सप्लाय १.२ व्होल्ट किंवा कमी झाला की १.२५ चा रेफरन्स बसत नाही. १९९९ साली बांबा आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली करंट-मोड रचना तेव्हापासून सगळीकडे वापरली जाते. अ आणि ब दोन्ही नोडांवरून ग्राउंडकडे एकेक समांतर रेझिस्टर टाकायचा. मग शाखेतल्या करंटमध्ये दोन हिस्से येतात, एक तापमानाबरोबर चढणारा, एक उतरणारा, आणि तो एकत्र करंट आउटपुट रेझिस्टरवर टाकला की हवं ते व्होल्टेज. आपल्या आकड्यांत समांतर रेझिस्टर १२० किलोओहमचे. त्यांतून ०.६५ भागिले १२० किलो, म्हणजे ५.४ मायक्रोअँप, अधिक पीएनपीतले ५, एकूण १०.४. आउटपुटला ५७.७ किलोओहम टाकला की ०.६ व्होल्ट.

इथे तिसरी जागा तयार होते, आणि ती एक बिंदू नसून एक पट्टा असतो. अ आणि ब वर ०.३ व्होल्ट आहेत असं समजा. इतक्या कमी व्होल्टेजला पीएनपी जवळपास बंद असतात. करंट जातो तो दोन सारख्या रेझिस्टरांतून. दोन्हींत सारखाच करंट, दोन्हींवर सारखंच व्होल्टेज. ऑपअँप समाधानी. ०.२ ला समाधानी, ०.३ ला समाधानी, ०.४ ला समाधानी.

थोडा हिशोब करा म्हणजे पटेल. पीएनपीचा करंट दर ६० मिलिव्होल्टला दहापट बदलतो. ०.६५ ला ५ मायक्रोअँप, तर ०.३ ला एका पीएनपीत साधारण ७ पिकोअँप, आठांत ५५ च्या आसपास. दोन शाखांतला फरक पन्नासेक पिकोअँप, १२० किलोओहमवर तो होतो ५-६ मायक्रोव्होल्ट. ऑपअँपने लूपला योग्य दिशेने ओढायला हाताशी असलेला सिग्नल एवढाच, आणि समोर ऑफसेट आहे मिलिव्होल्टांत. ०.४५ ला हाच सिग्नल दीड-दोन मिलिव्होल्ट होतो, ऑफसेटशी जेमतेम बरोबरी. ०.५५ ला तो वीस मिलिव्होल्टांच्या वर जातो आणि मग ऑफसेट काही करू शकत नाही.

आता पाठ्यपुस्तकातला स्टार्टअप इथे लावा. तो अ नोडकडे बघतो, तिथे व्होल्टेज नसेल तर मिररचं गेट खाली ओढतो, व्होल्टेज आलं की सोडतो. समजा तो ०.३ ला सोडतो. स्टार्टअपने ०.३ पर्यंत आणून सोडलं, ऑफसेट वाईट दिशेचा असेल तर ऑपअँप परत खाली ढकलतो, खाली गेलं की स्टार्टअप पुन्हा वर ओढतो. दोघांची रस्सीखेच होऊन सर्किट स्टार्टअपच्या थ्रेशोल्डपाशी कायमचं स्थिरावतं. आउटपुट ०.६ ऐवजी ०.१४ च्या आसपास. शून्य नाही, म्हणून 'स्टार्टअप झालंय' असं वाटतं, आणि मग लोक रेझिस्टरच्या शीट रेझिस्टन्सला दोष देत बसतात. ओळखायची खूण: आउटपुट सप्लायप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे स्टार्टअप ट्रान्झिस्टरच्या थ्रेशोल्डच्या मागे फिरतं, बँडगॅपसारखं सपाट राहत नाही.

मग थ्रेशोल्ड ०.५५ ला नेऊ, म्हणाल. खोलीच्या तापमानाला चालेल. पण १२५ अंशांना व्हीबीई उतरून ०.४५ वर येतं, म्हणजे बरोबर चाललेल्या सर्किटचा अ नोड ०.५५ पर्यंत पोचतच नाही, स्टार्टअप कधी सुटत नाही आणि आउटपुट बिघडवत राहतो. उणे ४० ला व्हीबीई ०.७८, तिथे ०.५५ म्हणजे पीएनपी अजून गाढ झोपेत. गरमीत जो थ्रेशोल्ड फार जास्त, तोच थंडीत फार कमी. मॉसचा थ्रेशोल्ड तापमानाबरोबर उतरतो म्हणून थोडी मदत होते, पण त्याच्या भरवशावर टेपआउट करू नये.

माझं मत स्पष्ट आहे: करंट-मोड रचनेत अ नोडकडे बघणारा स्टार्टअप लावूच नका. करंटची नक्कल बघा. मिररमधून एक चौथी शाखा काढा, तिचा करंट १२० किलोओहमच्या नकली रेझिस्टरवर टाका. चुकीच्या पट्ट्यात असताना सगळा करंट रेझिस्टरांचाच असतो, म्हणून नकली रेझिस्टरवर अ इतकंच व्होल्टेज दिसतं: ०.३ ला ०.३. योग्य जागी मात्र १०.४ मायक्रोअँप गुणिले १२० किलो, म्हणजे १.२५ व्होल्ट, आणि ते सगळ्या तापमानांना १.२५ च. चुकीच्या बाजूला थंडीतही ते ०.७ च्या पुढे फारसं जात नाही. ०.७ आणि १.२५ च्या मध्ये कुठेही रेघ ओढा, भरपूर जागा आहे. सप्लायच १.२ असेल तर नकली रेझिस्टर अर्धा करा किंवा सरळ ०.६ चं आउटपुट बघा. तिथेही बरोबर ०.६ आणि चुकीचं फार तर ०.३५, प्रमाण तेच.

काही जण सुरुवातीला समांतर रेझिस्टर स्विचने तोडून ठेवतात आणि पीएनपी जागे झाल्यावर जोडतात. तेही चालतं, फक्त स्विचचा ऑन-रेझिस्टन्स दोन्ही बाजूंना सारखा ठेवायला लागतो आणि कधी जोडायचं हा प्रश्न परत उभा राहतोच.

आपल्या सर्किटला नक्की किती जागा आहेत हे बघायचा एक आलेख आहे, तो प्रत्येकाने एकदा काढावा. ऑपअँप काढून टाका. अ आणि ब दोन्हींत सारखा करंट बाहेरून घाला, शून्यापासून २० मायक्रोअँपपर्यंत स्वीप करा, आणि अ उणे ब काढा. खाली करंटचा अक्ष लॉग घ्या. रेघ शून्याला जिथे छेदते किंवा शून्याला चिकटून चालते त्या सगळ्या बसायच्या जागा. मग अधिक-उणे ऑफसेटच्या दोन आडव्या रेघा काढा. बांबा रचनेत डावीकडचा लांबच लांब सपाट भाग त्या दोन रेघांच्या मध्ये पडलेला दिसेल. तुमचा स्टार्टअप त्या भागाच्या उजव्या टोकाच्या पलीकडे सुटतो की अलीकडे, एवढंच बघायचं.

आकडा बरोबर, गरम केल्यावर वाकतो

चांगल्या बँडगॅपचा आलेख मधे उंच, दोन्ही टोकांना किंचित खाली, एकूण फरक काही मिलिव्होल्ट. तुमचा १०० अंशांपर्यंत असाच जातो आणि तिथून एकदम वर किंवा खाली वळतो, असं असेल तर स्टार्टअपचा ट्रान्झिस्टर पूर्ण बंद होत नाहीये.

तो अ नोडमध्ये थेट करंट सोडणारा असेल तर हिशोब असा: १२५ अंशांना १० नॅनोअँप गळतात, शाखेत ५ मायक्रोअँप आहेत, म्हणजे हजारात दोन. त्या तापमानाला केटी भागिले क्यू ३४ मिलिव्होल्ट, म्हणून चूक ०.०७ मिलिव्होल्ट, अकरापट होऊन आउटपुटला पाऊण मिलिव्होल्ट. तुमचं सगळं बजेटच ३-४ मिलिव्होल्टांचं असेल तर ही चूक खटकते.

कारण बहुधा हे असतं: स्टार्टअप ट्रान्झिस्टरचं गेट 'बंद' असताना शून्यावर न येता १०० मिलिव्होल्टवर लटकतं, कारण त्याला वर ओढणारा पुलअप आणि खाली ओढणारा सेन्स ट्रान्झिस्टर यांच्यात पुरेसा फरक ठेवलेला नाही. गरम असताना सबथ्रेशोल्ड करंटला दहापट व्हायला साधारण १०० मिलिव्होल्टच लागतात. म्हणजे ते लटकलेले १०० मिलिव्होल्ट तुमचा लीकेज दहापट करतात. पुलअप कमजोर करा (लांब चॅनेलचा पीमॉस, मायक्रोअँपपेक्षा कमी), किंवा मध्ये एक इन्व्हर्टर घाला म्हणजे गेट खरंच शून्याला टेकेल.

उलट टोकाची चूकही बघितलेली आहे: स्टार्टअप इतका दांडगा की मिररचं गेट धाडकन शून्याला नेतो, अ आणि ब सप्लायजवळ पोचतात, ऑपअँपची इनपुट रेंज संपते, आणि सर्किट वरच अडकतं. गेट ओढणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या मार्गात करंटला मर्यादा हवी.

आलेख वाकत नाही, पण सगळाच्या सगळा १५-२० मिलिव्होल्टने वर किंवा खाली सरकलाय, तर तो स्टार्टअपचा विषय नाही. ऑपअँपचा १ मिलिव्होल्ट ऑफसेट आउटपुटला ११ होतो. इनपुट जोडी मोठी करा, नऊ पीएनपी तीन बाय तीनच्या चौकोनात ठेवून एकटा मधोमध बसवा, ट्रिम ठेवा.

सप्लायने डुबकी मारली की

कपॅसिटरवर चालणारा स्टार्टअप मला अजिबात आवडत नाही, पण लोकांना आवडतो, कारण नंतर तो शून्य करंट खातो. सप्लाय चढताना कपॅसिटरमधून एक धक्का जातो आणि काम संपतं. सावकाश रॅम्पला धक्काच जात नाही, हा झाला एक भाग. दुसरा जास्त छळवादी: सप्लाय क्षणभर ०.६-०.७ व्होल्टपर्यंत पडतो. मोटर सुरू झाली, रेडिओने ट्रान्समिट केलं, बॅटरीचा स्प्रिंग हलला, काहीही. तेवढ्यात बँडगॅप मरतो, पण कपॅसिटर रिकामा होत नाही. सप्लाय परत येतो, स्टार्टअपच्या दृष्टीने काम कधीच झालेलं असतं, आणि चिप मेलेली. वापरणारा सप्लाय पूर्ण काढून अर्धा मिनिट थांबून परत लावतो, तेव्हा ती चालू होते. 'काढून घाला' हा सल्ला ज्या उत्पादनाला लागू पडतो, तिथे आधी हे बघा.

सिम्युलेशनमध्ये सप्लाय १.८ वरून ०, ०.३, ०.५, ०.७, ०.९ असा वेगवेगळ्या खोलीपर्यंत पाडा, १० मायक्रोसेकंद ते १० मिलिसेकंद धरा, परत आणा. पूर्ण शून्याला नेलेली चाचणी सगळ्यात सोपी असते. त्रास मधल्या खोलीला होतो. सतत पाळत ठेवणारा, अर्धा-एक मायक्रोअँप खाणारा स्टार्टअप हे सगळं न बोलता सांभाळतो. बॅटरीवर वर्षानुवर्षं चालायचं उपकरण सोडलं तर तेवढा करंट देऊन टाका.

चिप आधीच हातात असेल तर

आउटपुट पिनवर बाहेरून सप्लायकडे रेझिस्टर लावून उठवायचा प्रयत्न बरेच जण करतात. या रचनेत तिसरी शाखा लूपच्या बाहेर आहे. तिथे कितीही ढकललं तरी अ आणि ब ला पत्ता लागत नाही. उलट आकडा बरोबर दिसायला लागला तर आणखी फसगत. आत शिरायला अ, ब किंवा मिररचं गेट यांपैकी काहीतरी पॅडवर आलेलं हवं, आणि ते बहुधा नसतं. पुढच्या वेळी निदान मिररच्या गेटपर्यंत एक टेस्ट स्विच न्या. एका मल्टिप्लेक्सरची जागा लागते, फार नाही.

तोवर बोर्डावर दोनच गोष्टी हातात. सप्लायचा रॅम्प मुद्दाम वेगवान करायचा, लोड स्विच लावून मायक्रोसेकंदांत. आणि शेजारच्या मायक्रोकंट्रोलरने रेफरन्स स्वतःच्या एडीसीने मोजायचा, ठरलेल्या वेळेत पट्ट्यात आला नाही तर लोड स्विच बंद करून सप्लाय ०.१ व्होल्टखाली जाईपर्यंत थांबून परत द्यायचा. मायक्रोकंट्रोलरचा एडीसी याच रेफरन्सवर चालत नाही ना, हे तपासून घ्या. मोजणारा आणि मोजला जाणारा एकच असेल तर आकडा नेहमी बरोबरच येतो.

दुरुस्तीसाठी पूर्ण मास्क सेट परत काढायला लागेलच असं नाही. लेआउटमध्ये सुटे ट्रान्झिस्टर विखुरलेले असतील तर एक लांब चॅनेलचा पुलअप, एक सेन्स एनमॉस आणि गेट ओढणारा एक एनमॉस, एवढे तीन शोधा आणि फक्त वरच्या एक-दोन मेटल थरांचे मास्क बदलून जोडा. नकली शाखेसाठी मिररच्या शेजारचा डमी पीमॉस कामाला येतो, त्याचं गेट बहुधा व्हीडीडीला बांधलेलं असतं, ते तोडून मिररच्या गेटला न्यायचं. जोडणी झाल्यावर आधी उणे ४० अंश, स्लो-स्लो कॉर्नर, वाईट दिशेचा ऑफसेट, आणि मेलेल्या अवस्थेतून सोडलेला ट्रान्झियंट चालवा.